बोसनकाकांची रेघ

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. माझ्या आठवड्यात हे तीनच वार खरे, बाकीचे नुसते मधे येतात. या तीन वारी उजाडायच्या आत आमची व्हॅन शहापुरातून निघते, आसनगावचा पूल ओलांडून हायवेला लागते आणि रस्त्याच्या कामाची धूळ खात कल्याणला पोचते. तिथल्या एका हॉस्पिटलात माझ्या आईला डायलिसिसच्या मशीनला लावतात. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत. मग पुन्हा तीच धूळ, तोच रस्ता. सुरुवातीला लोक विचारायचे, "आई कशी आहे?" आता कोणी विचारत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? उत्तर बदलत नसेल तर माणसानं किती वेळा विचारावं?

या व्हॅनमध्ये बरीच वर्षं मागच्या सीटवर दोन माणसं असत, बोसनकाका आणि हिराकाकी. हिराकाकींनाही आईसारखंच, तेच वार, तीच पाळी. गाडी माझी, डिझेल निम्मं निम्मं, आणि दार बोसनकाकांचं. दार त्यांचं म्हणायचं कारण असं, की माझ्या व्हॅनचं सरकतं दार एकदा निखळलं आणि मेकॅनिककडे जायला मला सवड होईना. काकांनी खिशातून दोरी काढली आणि अशी काही गाठ मारली की दार पुढे वर्षभर त्या दोरीवर चाललं. "दोरी आधी तपासावी, मग जीव टांगावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते दोरीबद्दल म्हणत, डॉक्टरबद्दल म्हणत आणि एकदा हॉटेलातल्या वड्याबद्दलही म्हणाले होते.

बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. काकांचं खरं नाव गौतम. पण किन्हवलीच्या पुढे मुरबाडच्या वाटेवरचं त्यांचं गाव असो की शहापूर, त्यांना त्या नावानं हाक मारणारं हिराकाकींशिवाय कोणी उरलं नव्हतं. आणि त्याही रागावल्या म्हणजेच तशी हाक मारत. सगळं आयुष्य त्यांनी मालवाहू जहाजांवर काढलं. सगळीकडे भातखाचरं असलेल्या या मुलखातला माणूस समुद्रावर गेला कसा, ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणत, "पानी वाहतं तिकडं गेलो रे." बसल्या जागी झोपायची त्यांना सवय होती, आणि गजराशिवाय नेमक्या वेळी उठायचीही. घराबाहेर पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी विहारावरच्या पंचशील झेंड्याकडे जाई. झेंडा कुठे फडकतोय ते बघून वारा सांगत आणि मग चहाला येत.

शहापूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एके दिवशी काका मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "सुनील, हे छापून दे. मोठं पायजे." बघतो तर समुद्राचा नकाशा. माझ्याकडे मोठा कागद कुठला? मग तुकडे तुकडे छापले आणि चिकटपट्टीनं जोडले. जमिनीवर पसरला तेव्हा नकाशा काउंटरपासून पायरीपर्यंत आला. वर फ्रान्स, मग स्पेन, पोर्तुगाल, खाली मोरोक्को आणि पायरीपाशी कॅनरी नावाची बेटं. जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या बाया अटलांटिक महासागरावर पाय पडू नये म्हणून लुगडं आवरून कडेकडेनं आत आल्या.

पीटर नावाचा त्यांच्या जहाजावरचा जुना डच अधिकारी होता. काका त्याला चीफ म्हणत. निवृत्त झाल्यावर या चीफनं शिडाची एक जुनी बोट घेतली होती आणि ती फ्रान्सच्या एका बंदरात ठेवली होती. त्याला ती बोट किनारा धरून खाली कॅनरी बेटांपर्यंत न्यायची होती आणि सोबत काका हवे होते. काकांना जायचं होतंच. आयुष्यभर त्याच किनाऱ्यावरून ते गेले होते. पण इतक्या लांबून, की रात्रीचे दिवे तेवढे दिसले. "गाव दिसायचं, गावातला मानूस नाय दिसायचा," ते म्हणत. फक्त त्यांना एकट्याला जायचं नव्हतं. हिराकाकींना न्यायचं होतं.

हे मला कळलं त्या रेघेवरून. काकांनी लाल पेन्सिलीनं बोटीची वाट आखली होती, आणि समुद्रातलं मला ओ की ठो कळत नसलं तरी ती रेघ विचित्र आहे एवढं दिसत होतं. गोधडीला टाके घालावेत तशी ती आत जाई, बाहेर येई, पुन्हा आत. दर दोन-तीन दिवसांनी किनारा. सगळ्यात वरची बिस्केची मोठी खाडी तर त्यांनी सरळ वगळली होती; तेवढी चीफनं एकट्यानं पार करायची आणि हे दोघं स्पेनच्या टोकाशी बोटीत चढायचे. चीफ फोनवर हसला होता म्हणे. "म्हातारा झालास बोसन, समुद्राला भ्यायला लागलास."

मीही तसंच काहीसं म्हणालो. काकांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"भ्यालो नाय रे. या गावात मशीन हाय," त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं हाय. इथं पन हाय. इथं विचारलंय, अजून उत्तर नाय आलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिकडं पन वार तेच असतात."

हा माणूस बायकोचं रक्त धुणारी मशीनं हेरत हेरत पोर्तुगालचा किनारा उतरत होता. मला आधी वाटलं, वेड लागलंय. मग वाटलं, लागू दे. वेड न लागता त्या रस्त्यानं आठवड्याला तीनदा जाऊन माझं तरी काय भलं झालं होतं?

त्यानंतर व्हॅनमध्ये दुसरा विषय नाही. वारा कुठून येतो, कुठलं बंदर अवघड, कुठल्या टोकाला धुकं. तिकडच्या उन्हाळाभर, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, त्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा पाठीशी असतो, तेवढ्यात निघायचं. पण नारळी पौर्णिमेच्या आधी नाही. मी म्हणालो, "काका, तुमी कुठं नारळ वाहता? आणि पोर्तुगालला कसली नारळी पौर्णिमा?" ते म्हणाले, "वाहत नाय. पन ज्या कोळ्यांनी मला दोरी धरायला शिकवली ते तोवर जात नाय. मी कसा जाऊ?"

याच कोळ्यांकडून त्यांनी भरतीचा हिशेब घेतला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्या कोकण किनाऱ्याचं जुनं गणित. आईकडे भिंतीवरचं पंचांग पाठ असतं, त्यामुळे मागच्या सीटवर दोघांची जोडी जमली. आई तिथी सांगायची, काका पोर्तुगालची भरती काढायचे. एका नदीच्या मुखाशी शिरायचे सगळे मुहूर्त दोघांनी मिळून काढले आणि काकांनी ते मोठ्या ऐटीत चीफला कळवले. चीफचं उत्तर आलं ते नुसत्या हसण्याचंच. आपल्याकडची पाऊणपट तिकडे चालत नाही. तिकडे भरतीची वेळच वेगळी. या मुहूर्तावर गेलो असतो तर बोट चिखलात बसली असती आणि आपण भरतीची वाट बघत पत्ते खेळलो असतो, असं तो म्हणाला. इतकी वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याला हे ठाऊक नसेल? असणारच. पण या शहापूरच्या धुळीत बसून, आईच्या तोंडून द्वितीया-तृतीया ऐकता ऐकता ते विसरून गेले होते. काका दोन फेऱ्या बोलले नाहीत. आई मात्र अजून म्हणते, "तिथी बरोबर होती. त्यांचा समुद्रच तसला."

आणि हिराकाकी? त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते त्यांनीच एकदा सांगितलं, मशीनवर पडल्या पडल्या. हॉस्पिटलातला तो हॉल म्हणजे बर्फाची पेटी. एसी इतका की पेशंट कुडकुडत. चीफनं बोटीवर घालायचं एक जाडजूड केशरी जाकीट काकीच्या मापाचं पाठवलं होतं. वारा आत शिरू न देणारं, कानापर्यंत कॉलर असलेलं. काकी ते बोटीवर घालायची वाट न बघता हॉस्पिटलात घालून बसत. एक बाही वर सरकवलेली, त्या हातात नळ्या, आणि बाकी अंग केशरी.

"मला येष्टी लागते," त्या आईला म्हणाल्या. "मुरबाडपर्यंत जाते तोवर दोनदा ओकते. आन ह्यांना मला होडीत घालायचीय."

"तर सांग ना तसं," आई म्हणाली.

"काय सांगू गो? मला दिसाला दोन पेले पानी. घशाला कोरड पडते तर बर्फाचा खडा चोखते. तानसाचं येवढं मोठं धरान आपल्या शेजारी, त्याचं पानी मुंबई पिते, मी नाय पिऊ शकत. आन ह्यो मानूस मला पान्यातनं न्यायला निघालाय." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आखू दे त्याला. आखत असला का माझ्या तोंडाकडं नाय बघत बसत. तो बघायला लागला ना, का मला भ्या वाटतं."

मी पलीकडे स्टुलावर बसलो होतो. मोबाइल बघत असल्याचं सोंग केलं आणि बराच वेळ तेच चालू ठेवलं.

त्या हिवाळ्यात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरली आणि काकांनी जाहीर केलं की चाचणी घ्यायची. जत्रेत बैलबाजार, घोंगड्या, भांडी असतात, तशी एक मोठी लोखंडी होडीही असते, दोन्ही टोकांना माणसं बसवून झोके घेणारी. पोरं तिच्यात बसून किंचाळतात. काकांनी काकीला त्या होडीत बसवायचं ठरवलं. मी म्हणालो, "काका, डॉक्टर मला फाडून खाईल." पण काकींनीच पदर खोचला. "बसते. आन ओकले तर हा विषय बंद. बोल, कबूल?" काका कबूल झाले.

होडी हलली. पहिल्यांदा हळू, मग उंच. काकी ते केशरी जाकीट घालून दांडा घट्ट धरून बसल्या होत्या, शेजारी काका. मी आणि आई खाली. होडी वर जाई तेव्हा काकींचं तोंड दिसे, आणि मी शपथेवर सांगतो, त्या बाईला इतक्या वर्षांत मी तशी हसताना पाहिली नव्हती. होडी थांबली. काकी धडधाकट उतरल्या. काका उतरले, चार पावलं चालले आणि गुळाच्या जिलबीच्या दुकानामागे जाऊन भडाभडा ओकले. सगळे महासागर पालथे घातलेला बोसन म्हशाच्या जत्रेत ओकला! काकी हसता हसता खाली बसल्या. "काय बोसन? मी पास का नाय?" परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये आम्ही चौघंही हसत होतो, आणि मला आठवतंय, धसईच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा काकींनीही त्यांच्या वाटणीच्या पाण्यातून अर्धा कप चहा घेतला.

तेव्हापासून काकीही नकाशात बोट घालू लागल्या. स्पेनच्या बाजूला काळे-पांढरे मोठे मासे हल्ली बोटीचं सुकाणू येऊन तोडतात, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना काय घातलं का गप बसतात?" मासे उथळ पाण्यात सहसा येत नाहीत म्हणून काकांनी रेघ आणखी किनाऱ्याशी ओढली.

राहिला एकच तुकडा. मोरोक्कोचं अगादीर हे शेवटचं मशीनचं गाव. त्यापुढचं हॉस्पिटल थेट कॅनरीच्या पहिल्या बेटावर होतं. पण मधे उघडा समुद्र. चांगला वारा मिळाला तर दोन दिवस, दोन रात्री. शनिवारचं मशीन झालं की मंगळवारपर्यंत काकी मोकळ्या. म्हणजे शनिवारी संध्याकाळी निघायचं आणि मंगळवार उजाडायच्या आत पोचायचं. वारा पडला तर? त्या म्हाताऱ्या बोटीचं इंजिन रुसलं तर? अंगात पाणी साठत जाणार, दम लागणार, आणि भोवती सगळा समुद्र. एवढ्या एका तुकड्यापायी काकांनी जो जीव आटवला तो बघवत नसे. हॉस्पिटलातल्या सिस्टरला विचार, चीफला विचार, वाऱ्याचे नकाशे छापून घे. दोनदा नारळी पौर्णिमा आली आणि गेली. चीफ म्हणायचा, बेटांवर विमानानं ये, तो तुकडा सोड. काका म्हणायचे, "तो सोडला तर ती आली कुठं? नुसती किनाऱ्यानं फिरली." त्यांना काकीला उघड्या समुद्रावर न्यायचं होतं, जिथे चारी बाजूंना काही नसतं. तेवढंच दाखवायचं होतं. बाकी सगळा पोर्तुगाल तिथवर पोचायचा रस्ता होता.

मला खरं सांगायचं तर शेवटी शेवटी कंटाळा यायचा. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, आई मागे कण्हतेय, आणि काका वारा पडला तर काय ते सांगतायत. एकदा मी म्हणालोही, "काका, इथं भिवंडीच्या नाक्यावर दीड तास अडकलोय, तिथं काय घेऊन बसलात?" काका शांतपणे म्हणाले, "हितं काय आपल्या हातात हाय?"

होळी झाली आणि मशीनला जोडायची काकींच्या हातातली नस बंद पडली. मग मानेत नळी घातली. मग ताप. असल्या आजारात एक गोष्ट बिघडली की दुसरी तिची वाटच बघत असते. काकी गेल्या त्या शुक्रवारी, ना इकडचा वार ना तिकडचा. शनिवारी आम्ही व्हॅन घेऊन निघालो तर काका नेहमीच्या कोपऱ्यावर उभे. मी गाडी थांबवली. ते म्हणाले, "जाग आली रे," आणि मागच्या सीटवर बसले. कल्याणपर्यंत आले, आईला हात धरून उतरवलं, चार तास बाकावर बसले आणि परत आले. पुढे कित्येक आठवडे ते तसेच येत राहिले. आईनं एकदाही विचारलं नाही, का येता म्हणून.

चीफचा फोन आला तेव्हा काका माझ्या दुकानातच होते. आता दोघंच जाऊ, तो म्हणाला. बिस्के पण एकत्र करू आणि स्पेनच्या टोकावरून सरळ बेटांना जाऊ, बाहेरून, खऱ्या खलाशासारखं. आता थांबायला कारण नाही. काकांनी हो म्हटलं. मग नवीन नकाशा छापायला सांगितला, मी छापला, चिकटवला. ते लाल पेन्सिल घेऊन त्याच्यापुढे बसले, खूप वेळ. गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी मी वाकून बघितलं. रेघ आत जात होती, बाहेर येत होती, पुन्हा आत. तेच टाके, तीच गावं.

"चीफ चिडेल," मी म्हणालो.

"चिडू दे. बोट त्याची, वाट माझी."

नारळी पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी ते निघाले. व्हॅन कल्याणला जातेच आहे तर तिथवर येतो म्हणाले, पुढे विमानतळाला टॅक्सी. एक पाठपिशवी होती, आणि त्या दमट, घामट सकाळी अंगात ते केशरी जाकीट. काकींच्या मापाचं. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर, चेन तर पोटाशी लागेचना. दुसरं कोणी असतं तर हसलो असतो. आईनं त्यांना नाचणीची भाकरी आणि सुकट बांधून दिली. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी नेहमीसारखं आईला हात धरून उतरवलं.

"भावजी, जपून जा," आई म्हणाली.

"थांबत थांबत जाईन, वयनी."

एवढं बोलून ते वळले. रिक्षांच्या गर्दीत ती केशरी पाठ थोडा वेळ दिसली.

मग फोटो येऊ लागले. मला वाटलं होतं शिडं दिसतील, लाटा दिसतील. एकाही फोटोत समुद्र नव्हता. प्रत्येक फोटोत कुठल्यातरी अनोळखी गावच्या हॉस्पिटलचं फाटक. खाली लिहिलेलं नाही काही. आई मशीनवर असताना मी तिला दाखवायचो आणि ती चष्मा लावून बघायची. "हे बरं दिसतंय," म्हणायची, किंवा "इथं पायऱ्या फार आहेत, तिला चढवल्या नसत्या." एका शनिवारी पाटीवर अगादीर लिहिलेलं फाटक आलं. त्यानंतर रविवार कोरडा गेला, सोमवार कोरडा गेला. सोमवारी आई जेवली नाही धड. "वारा असेल ना रे?" तिनं मला विचारलं. जसा काही शहापूरला बसून मला तो कळणार होता. तरी मी बाहेर जाऊन विहारावरचा झेंडा बघून आलो.

मंगळवारी आईचं मशीन संपत आलं होतं तेव्हा फोन वाजला. फोटो होता. तिकडे नुकतं उजाडलेलं, हॉस्पिटलचं पांढरं फाटक, आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढे काका स्वतः उभे, ते आखूड जाकीट घालून. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सोबत आवाजाचा एक छोटा तुकडा. मी तो आईच्या कानाशी धरला.

"वयनी, वारा पडला नाय. कालच रातीला लागलो. टायमात हाय. तिला टायमात लावली असती."

आईनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. काकींच्या खाटेवर आता भिवंडीची एक बाई असते, नवीन आहे, सगळ्याला घाबरते. तिनं मान वळवून विचारलं, "मावशी, कोण पोचलं?"

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"आमची हिरा," ती म्हणाली.